सॅली कधी सोडायची: इंग्लंडमध्ये चर्चच्या घंटा वाजवायला शिकणाऱ्यांसाठी

इंग्लंडमधल्या एखाद्या गावात राहायला गेलात की आठवड्यातल्या एका ठरलेल्या संध्याकाळी चर्चच्या मनोऱ्यातून तास-दीड तास घंटा ऐकू येतात. लग्न नाही, सण नाही, आणि सूरही ओळखीचा लागत नाही. ही तालीम असते. पुण्यात ऑगस्टच्या आधी नदीकाठी ढोल-ताशा पथकांची चालते ना, तशीच, फक्त ही वर्षभर चालते. बहुतेक मनोऱ्यांना माणसं कमी पडत असल्यामुळे नवख्याचं स्वागतच होतं. ख्रिस्ती असण्याची अट सहसा नसते, संगीत येण्याचीही नसते. नोकरीसाठी किंवा शिकायला तिकडे गेलेल्यांना ओळखी वाढवायला यापेक्षा सोपी जागा क्वचितच मिळेल, कारण इथे गप्पा मारता आल्या नाहीत तरी चालतं. वेळेवर दोर ओढता आला की तुम्ही त्यांच्यातले.

आधी एक फरक समजून घ्या, नाहीतर पुढचं काहीच कळणार नाही. मेणवलीच्या घाटावरची किंवा भीमाशंकरची पोर्तुगीज घंटा तुम्ही पाहिली असेल. १७३९च्या वसई मोहिमेनंतर देवळांत आलेल्या घंटांपैकी या. त्या स्थिर टांगलेल्या आहेत आणि आतला लोलक हलवून वाजवतात. इंग्लंडमध्ये प्रत्येक घंटेला एक मोठं लाकडी चाक जोडलेलं असतं आणि चाकावरून दोर खाली येतो. दोर ओढला की अख्खी घंटाच जवळजवळ पूर्ण गोल फिरते. तोंड वर असताना सुटते, खाली येते, पुन्हा वर जाऊन थांबते आणि एकदा वाजते. पुढच्या ओढीला उलट दिशेने फिरून पुन्हा एकदा. एका फेरीला साधारण दोन सेकंद लागतात, आणि एवढ्या वजनाला घाई करता येत नाही. म्हणून या घंटांवर गाणं वाजत नाही. मग गंमत कशात? क्रम बदलण्यात. सहा माणसं, सहा घंटा, आणि दर फेरीला वेगळा क्रम. यालाच चेंज रिंगिंग म्हणतात. ते सतराव्या शतकात इंग्लंडमध्ये वाढलं आणि आजही मुख्यतः तिथेच आहे.

१. मनोरा शोधा, पण न कळवता जाऊ नका

'डव्हज गाइड' नावाची सूची ऑनलाइन फुकट बघता येते. १९५० साली ती पहिल्यांदा पुस्तक म्हणून निघाली. गावाचं नाव टाकलं की जवळचे मनोरे, घंटांची संख्या, सर्वांत जड घंटेचं वजन आणि बहुतेक ठिकाणी तालमीचा वार कळतो. वजन ८-२-१४ असं लिहिलेलं दिसेल. ती तारीख नव्हे. ८ हंड्रेडवेट, २ क्वार्टर, १४ पौंड, म्हणजे सुमारे ४३८ किलो. एक हंड्रेडवेट ५०.८ किलोचं. शिकायला सहा किंवा आठ घंटांचा, मध्यम वजनाचा मनोरा उत्तम. लिव्हरपूल कॅथीड्रलच्या संचातली फिरवून वाजवायची सर्वांत जड घंटा चार टनांच्या वर आहे. तिथे नंतर जा, आणि तेव्हाही बघायलाच.

मनोऱ्याच्या प्रमुखाला टॉवर कॅप्टन म्हणतात. त्यांना दोन ओळी लिहा: नाव, वय, आधीचा अनुभव शून्य, बघायला येऊ का. तालमीच्या वेळी मनोऱ्याचं दार बऱ्याचदा आतून बंद असतं आणि घंटा चालू असताना तुमची कडी कोणालाच ऐकू येत नाही. न कळवता गेलेले लोक याच कारणाने अर्धा तास थंडीत उभे राहून परततात.

चार गोष्टी आधीच विचारा:
- दोर ओढायची खोली तळमजल्यावर आहे की गोल जिन्याने वर जावं लागतं? हे जिने अरुंद, कठड्याऐवजी दोर लावलेले असतात. गुडघे दुखत असतील तर तळमजल्याचा मनोरा शोधा.
- नवख्यांना शिकवणारं कोणी आहे का, आणि तालमीखेरीज वेगळा वेळ मिळेल का?
- लोलक बांधून किंवा सिम्युलेटर (घंटेचा आवाज संगणकातून खोलीतच ऐकवणारी सोय) लावून सराव होतो का? नसेल तर तुमची प्रत्येक चूक गावभर ऐकू जाईल.
- रविवारी प्रार्थनेआधी वाजवायला यावंच लागेल का? शिकून झाल्यावर ती अपेक्षा असतेच. शिकवणी सहसा फुकट असते ती याच हिशोबाने. रविवारी कधीच जमणार नसेल तर सुरुवातीलाच सांगा.

कागदपत्रं जवळपास काहीच लागत नाहीत. मूल शिकणार असेल तर पालकांची लेखी संमती लागते, आणि पहिले काही दिवस पालकांनी बसून राहावं हे बरं. वय साधारण दहा-अकरापासून पुढे. वरची मर्यादा नाही. जिल्ह्याच्या संघटनेची वर्गणी नंतर भरावी लागते, ती किरकोळ असते.

२. कपडे

हात पूर्ण वर, मग पूर्ण खाली, असं शेकडो वेळा होणार. आखूड टॉप असेल तर पोट उघडं पडतं, काखेत घट्ट शर्ट असेल तर हात वर जात नाहीत. सपाट तळाचे बंद बूट घाला. ओढणी, मफलर, लांब मंगळसूत्र, लोंबते कानातले, सैल बांगड्या काढून ठेवा. वेणी असेल तर बांधून घ्या किंवा शर्टाच्या आत टाका. साडी नकोच. मनोरा थंड असतो आणि वाजवताना घाम येतो, त्यामुळे एकावर एक दोन पातळ कपडे. उंची कमी असेल तर पायाखाली घ्यायला लाकडी पाट असतात. मागायला लाजू नका, पाटावर उभं राहून वाजवणारे कित्येक आहेत.

हातमोजे नेऊ नका. दोर हातात कळला पाहिजे.

३. दोराला हात लावण्याआधी

मनोऱ्यात शिरल्यावर पहिला नियम: न विचारता कुठल्याही दोराला हात लावायचा नाही. घंटा 'अप' असेल तर ती तोंड वर करून, तोल जेमतेम पलीकडे गेलेल्या अवस्थेत टेकलेली असते. दोराला हिसका बसला की शेकडो किलो खाली येतात आणि दोर तुमच्या हातातून वर खेचला जातो. बसायचं ते भिंतीला टेकून, दोन्ही पाय जमिनीवर ठेवून. पायावर पाय नको. सुटलेल्या दोराचा फास अडकतो तो अशाच वर आलेल्या पायात.

दोराचे दोन भाग ओळखा. मधे लोकरीचा जाड, रंगीत, मऊ पट्टा असतो, ती सॅली. तिच्याखाली साधा दोर आणि शेवटी दुमडलेलं टोक, त्याला टेल एंड म्हणतात. एक ओढ सॅलीवर, तिला हँडस्ट्रोक म्हणतात. पुढची टेल एंडवर, ती बॅकस्ट्रोक. हे आलटून पालटून.

वर, घंटेच्या माथ्यावर लाकडाची एक उभी दांडी असते, बहुधा अ‍ॅश लाकडाची. तिला स्टे म्हणतात. घंटा तोंड वर करून थांबते ती या दांडीच्या आधाराने. जोरात ओढलं तर घंटा तोलापलीकडे जाऊन स्टेवर आदळते, आणि फार जोरात आदळली तर स्टे मोडतो. तो मोडावा म्हणूनच लाकडाचा असतो, घरातल्या फ्यूजसारखा. पण मोडला की घंटेला अडवणारं काही उरत नाही. ती पलीकडे फिरत जाते आणि दोर वर वर गुंडाळत नेते. त्या क्षणी एकच करायचं: दोर सोडायचा आणि मागे व्हायचं. धरून ठेवणारा दोराबरोबर वर जातो. मोडलेला स्टे तासाभरात बदलता येतो. मनगटाचं तसं नाही.

४. पहिले पंधरा तास

एकट्याने घंटा सांभाळता यायला सर्वसाधारणपणे दहा ते पंधरा तासांचा सराव लागतो. आठवड्याला तालमीत पंधरा मिनिटं मिळाली तर यात वर्ष जातं, आणि दर वेळी मागचं अर्धं विसरलेलं असतं. त्यापेक्षा दोन आठवड्यांत रोज तासभर, किंवा दोन सलग शनिवार-रविवार मागून घ्या. शिकवणारे सहसा तयार होतात, त्यांचाही वेळ वाचतो.

शिकवण्याचा क्रम साधारण असा. आधी शिक्षक सॅली सांभाळतात आणि तुम्ही फक्त बॅकस्ट्रोक ओढता. मग उलट, तुम्ही सॅली आणि ते टेल एंड. दोन्ही वेगवेगळे जमले की जोडायचे. जोडायच्या दिवशी गोंधळ होतोच, तो धरूनच चला.

आता सॅलीकडे नीट बघू, कारण अपघातही इथेच होतात आणि कलाही इथेच आहे. उभं राहिल्यावर सॅली साधारण चेहऱ्यासमोर असते. दोन्ही हातांनी तिला सरळ खाली ओढा. हात पोटाच्या उंचीला आले की सॅली सोडा, पण एका हातातलं टेल एंड कधीच सोडायचं नाही. सॅली अजून थोडी खाली जाते, मग झपकन छताकडे जाते. तुमचे हात टेल एंडसह तिच्यामागून वर, अगदी ताणून. वर गेल्यावर क्षणभर दोर हलका लागतो. घंटा तोलावर आली आहे. आता टेल एंड शेवटपर्यंत खाली ओढा. सॅली वरून येते, खालपर्यंत जाते आणि पुन्हा वर यायला लागते. ती वर येताना पकडायची. खाली येत असताना पकडलीत तर तळव्याची साल निघते आणि ओढ वाया जाते.

नवख्यांच्या चुका ठरलेल्या असतात:

- सॅली न सोडणं. भीतीने मूठ आवळली जाते आणि पाय जमिनीवरून सुटतात. यावर उपाय शिक्षकाचा हात, आणि 'सोड' म्हटल्यावर विचार न करता सोडणं.
- वर बघणं. सॅली कुठे गेली हे बघायला मान वर जाते, मानेबरोबर खांदे, आणि ओढ वाकडी होते. नजर समोर ठेवा. सॅली आपल्या पायाने परत येते.
- दोन हात लांब ठेवणं. दोराला सापासारखी लाट येते. हात एकमेकांना चिकटलेले हवेत, ओढ नाकासमोरून सरळ खाली.
- मधेच थांबणं. अर्ध्यावर हात थांबले की घंटा पुरती वर जात नाही, पुढच्या वेळी अजून खाली येते, आणि चार फेऱ्यांत ती पडते. तिला पुन्हा वर चढवणं हे वेगळं कसब आहे. दोराची वेटोळी हातात घेऊन ते करतात आणि ते नंतर शिकवलं जातं.
- ताकद लावणं. व्यायामशाळेतून आलेल्या तरुणांचं हे दुखणं. पाचशे किलोची घंटा साठीच्या बाई दोन बोटांच्या हलक्या ओढीने फिरवताना दिसतील, आणि शेजारी जिममध्ये जाणारा घामाघूम. घंटा तोलावर असताना तिला सुटायला किंचित ओढ पुरते. बाकी काम तिचं वजन करतं.

तळव्यांना फोड आले तर पकड फार घट्ट आहे असं समजा.

'लर्निंग द रोप्स' नावाचा पाच पायऱ्यांचा अभ्यासक्रम बऱ्याच मनोऱ्यांत वापरतात. पहिली पायरी म्हणजे एवढंच, घंटा सुरक्षित सांभाळणं. प्रमाणपत्राचा सोस नसला तरी पुस्तिका घ्या, कुठवर आलो ते कळतं.

५. राउंड्स: इतरांबरोबर पहिल्यांदा

सर्वांत हलकी, वरच्या सुराची घंटा म्हणजे ट्रेबल, तिचा क्रमांक १. सर्वांत जड ती टेनर. ट्रेबलपासून टेनरपर्यंत ओळीने उतरत्या सुरात वाजवणं म्हणजे राउंड्स. ट्रेबलवाला आधी 'लुक टू' म्हणतो, म्हणजे दोर धरा. मग 'ट्रेबल्स गोइंग', म्हणजे ओढायला घेतली. मग 'शीज गॉन', सुटली. थांबायला 'स्टँड'. हे शब्द पाठच करा.

इथली अडचण अशी की ओढल्यापासून आवाज यायला वेळ लागतो. समोरच्याची घंटा वाजल्यावर तुम्ही ओढलीत तर उशीर झालाच. म्हणून कान मागे आणि डोळे पुढे ठेवावे लागतात. तुमच्या आधीच्या माणसाचे हात खाली येताना दिसले की तुमची वेळ. वर्तुळातले सगळे दोर एकाच वेळी बघून 'आता हा, मग मी' हे कळण्याला रोपसाइट म्हणतात. ती शिकवता येत नाही. काहींना महिन्यात येते, काहींना वर्षात. तोवर मनातल्या मनात आपला नंबर मोजा. तिसरे असाल तर दर फेरीला तिसरा ठोका आपलाच पडतोय ना, एवढंच ऐका.

एक बारकावा कोणी सांगायचं विसरतं. दोन फेऱ्या सलग होतात, मग हँडस्ट्रोकच्या आधी एका ठोक्याएवढी मोकळी जागा सोडतात. नवख्याला ती चूक वाटते आणि तो घाईने ती भरून काढतो. भरू नका, त्या जागेवरच सगळा ताल उभा असतो.

६. कॉल चेंजेस

आता म्होरक्या हाका देतो आणि दर हाकेला शेजारच्या दोन घंटा जागा बदलतात. १२३४५६ चालू असताना 'टू टू थ्री' अशी हाक आली की १३२४५६ होतं. पहिला 'टू' आकडा, दुसरा 'कडे'. २ आता ३च्या मागे. मराठी कानाला ही हाक पहिले काही दिवस बाराखडीसारखीच लागते.

दोन सापळे आहेत. एक, हाकेत नाव दोघांचं असलं तरी बदल तिघांना करावा लागतो. ३ आता १च्या मागे, २ आता ३च्या मागे, आणि ४ आता २च्या मागे. चारवाला स्वतःचं नाव न ऐकल्यामुळे ढिम्म राहतो आणि फेरी विस्कटते. दुसरा, काही मनोऱ्यांत हाच बदल 'थ्री टू वन' असा हाकारतात. दोन्ही पद्धती प्रचलित आहेत, पहिलीला वर हाकणं म्हणतात आणि दुसरीला खाली. नव्या मनोऱ्यात गेलात की आधी विचारा, इथे वर हाकता की खाली?

डेव्हनमध्ये कॉल चेंजेस ही पायरी नसून परंपराच आहे. तिथली मंडळी पुढे जाण्यापेक्षा हेच घड्याळासारखं नेमकं वाजवण्यात आयुष्य घालवतात. ऐकायला मिळालं तर सोडू नका.

७. प्लेन हंट: कागदावर आधी

इथून पुढे हाका नाहीत. प्रत्येकाने नियम लक्षात ठेवून आपोआप जागा बदलायच्या. चार घंटांचं उदाहरण वहीत उतरवून घ्या:

१२३४
२१४३
२४१३
४२३१
४३२१
३४१२
३१४२
१३२४
१२३४

एकदा बाहेरच्या दोन्ही जोड्या अदलाबदल करतात, एकदा मधली जोडी, पुन्हा बाहेरच्या. आता १ हा आकडा ओळीओळीतून रंगीत पेनने जोडत जा. तो पुढून मागे जातो, मागे दोनदा वाजतो, परत पुढे येतो, पुढे दोनदा. प्रत्येक घंटेची वाट हीच, फक्त सुरुवात वेगळी. ही रेघ पाठ करायची. आकड्यांचे रकाने पाठ करणारे अडकतात, आणि वाजवताना कागद बघायची पद्धत नाही.

चार घंटांचे एकूण क्रम २४ होतात, वर मिळाले ८. उरलेले कसे आणायचे? १३२४ नंतर १२३४ करण्याऐवजी पहिल्या दोन जागा तशाच ठेवा आणि मागची जोडी बदला: १३४२. तिथून पुन्हा हंट. असं तीनदा केलं की एकही क्रम पुन्हा न येता २४ पूर्ण होतात आणि तुम्ही १२३४वर परत. याला प्लेन बॉब म्हणतात. वहीत स्वतः करून बघा, दहा मिनिटं लागतात आणि या छंदाचं व्यसन नेमकं इथे लागतं.

हातांनी ते कसं होतं? मागे जाताना दर ठोका एक जागा उशिरा, म्हणून घंटेला तोलाजवळ जास्त वेळ राहू द्यायचं. पुढे येताना दर ठोका लवकर, म्हणून दोर आखूड धरायचा आणि सॅली थोडी वरून पकडायची. मागे जाताना सावकाश, पुढे येताना चटकन. नवखे पहिलं करतात, दुसरं विसरतात, आणि पुढे येताना दुसऱ्याच्या घंटेवर आदळतात.

प्लेन बॉबसारख्या ठरलेल्या नियमांना पद्धती म्हणतात, आणि त्यांच्या नावातला शेवटचा शब्द किती घंटा बदलतात ते सांगतो: डबल्स पाच, मायनर सहा, ट्रिपल्स सात, मेजर आठ. सातांचे सगळे क्रम ५०४० होतात, वाजवायला सुमारे तीन तास, आणि तेवढ्या सलग वादनाला पील म्हणतात. आठांचे ४०,३२०. ते १९६३ साली लफबरोच्या घंटा ओतायच्या कारखान्यातल्या मनोऱ्यात आठ जणांनी पूर्ण वाजवले, जवळजवळ १८ तास, माणूस न बदलता. तुमचं पहिलं लक्ष्य क्वार्टर पील ठेवा. पाऊण तासाचं काम, आणि ट्रेबलवर नुसता प्लेन हंट येत असला तरी त्यात घेतात.

८. तालमीनंतर

तालीम संपली की मंडळी पबमध्ये जातात. दारू घेतलीच पाहिजे असं नाही, पण जा. वर चुकलेल्याचं कारण तिथे समजतं, शनिवारच्या सहलीत तुमचं नाव तिथेच घातलं जातं. सहल म्हणजे दिवसात पाच-सहा मनोरे, प्रत्येक ठिकाणी तासाच्या आसपास, मधे जेवण. डबा नेलात तर पुरणपोळीसुद्धा संपते.

परक्या मनोऱ्यात काय येतं ते खरं सांगा. 'राउंड्स आणि कॉल चेंजेस' म्हणालात तर कोणी नाक मुरडत नाही. येत नसलेलं येतं म्हणालात तर सहा जणांची फेरी मोडते आणि ते मात्र लक्षात राहतं. फेरी चालू असताना जिन्यावरून आलात तर दारात थांबा, मधून जाऊ नका, बोलू नका. लग्नाला वाजवल्यावर थोडे पैसे मिळतात, पण त्यासाठी कोणी येत नाही.

९. इंग्लंडबाहेर असाल तर

ऑस्ट्रेलियातल्या मराठी मंडळींसाठी पर्थचा स्वान बेल्सचा मनोरा आहे. चर्च नव्हे, नदीकाठचा स्वतंत्र मनोरा, १८ घंटा, त्यातल्या १२ लंडनच्या सेंट मार्टिन-इन-द-फील्ड्सच्या. सिडनीत सेंट मेरीज कॅथीड्रल, मेलबर्नला सेंट पॉल्स. अमेरिकेत बॉस्टनचं ओल्ड नॉर्थ चर्च आणि वॉशिंग्टनचं नॅशनल कॅथीड्रल. पुण्यात पंचहौदच्या चर्चच्या मनोऱ्यात आणि मुंबईत कुलाब्याच्या अफगाण चर्चमध्ये आठ-आठ घंटांचे संच आहेत, इंग्लंडहून आणलेले. पण शिकायला तिथे जाता येईल अशी आशा धरू नका.

भारतात बसून नियम आणि ताल शिकायचा तर 'रिंगिंग रूम' आहे. २०२०च्या टाळेबंदीत तयार झालेली ही ऑनलाइन खोली. ब्राउझरमध्ये एक कळ म्हणजे एक घंटा, आणि जगभरातली माणसं एकाच वर्तुळात. दोर हातात येत नाही, पण प्लेन हंट आणि प्लेन बॉब डोक्यात पक्के बसतात, आणि मग इंग्लंडला गेल्यावर फक्त हात शिकवायचे राहतात. इंग्लंडच्या गटात सामील होणार असाल तर वेळ आधी बघा. तिथली संध्याकाळी साडेसातची तालीम म्हणजे आपल्याकडे उन्हाळ्यात रात्रीचे बारा आणि हिवाळ्यात एक.